सिंदीत जिना सापडला नाही

आमच्या दिग्दर्शकांचे म्हणणे असे, की श्रीमंत माणूस जिन्यावरून उतरला पाहिजे आणि गरीब माणूस खाली उभा असला पाहिजे. एवढे झाले की संवाद लिहिणाऱ्याला फारसे काम उरत नाही. या मतावर आमच्या पुण्याच्या संस्थेने चार बोलपट काढले होते, आणि चारही बोलपटांत जिना एकच होता. देवदारी लाकडाचा, सागवानी दिसावा म्हणून रंगवलेला, एकोणीस पायऱ्यांचा. पहिल्यांदा तो जमीनदाराचा होता, दुसऱ्यांदा बॅरिस्टरांचा, तिसऱ्यांदा एका संस्थानिकाचा. चौथ्या वेळी खलनायक त्यावरून गडगडत आला आणि खालच्या तीन पायऱ्या मोडल्या.

मी त्या संस्थेत आराखडे काढण्याच्या नोकरीत होतो. पायऱ्या दुरुस्त कराव्यात असे माझे मत पडले. दिग्दर्शकांचे मत पडले की आता खऱ्याकडे वळावे. त्यांनी मुंबईला कुठलासा परदेशी बोलपट पाहिला होता. त्यात म्हणे खऱ्या गल्ल्या होत्या आणि घरांना खरी छपरे होती. स्टुडिओत गरिबाच्या घराला छप्पर नसते, कारण दिवे वरून सोडावे लागतात. श्रीमंताच्या घरालाही नसते. तेवढीच समता.

नवा बोलपट कापसाचे जीन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, चालवणारा मालक आणि त्याचे मजूर यांच्यावर होता. "परचुरे," दिग्दर्शक म्हणाले, "तुम्ही कापसाच्या मुलखात जा. एका मालकाचे घर मोजून आणा आणि एका मजुराचे. आठ दिवस पुरेत. मालकाच्या घरात जिना बघा."

कापसाचा मुलूख मोठा आहे. त्यातले सिंदी गाव निवडले, कारण आमच्या हिशेबनिसांचे मेहुणे तिथे शाळामास्तर होते आणि मुक्कामाची सोय फुकट होती.

वर्धा

वर्ध्याला उतरणारा परगावचा माणूस सेवाग्रामला जाणार, हे तिथल्या टांगेवाल्यांनी ठरवून टाकले आहे. माझ्या बगलेत नकाशे ठेवायची पत्र्याची लांब नळी होती. टांगेवाल्याने तिच्याकडे आदराने पाहिले.

"चरख्याचं सामान हाय का जी याच्यात?"

"नाही, कागद आहेत."

"मंग आश्रमातच जाचं असन."

मी म्हटले, मला सिंदीची गाडी पकडायची आहे. तो म्हणाला, "सिंदीले काऊन जाता? तथी तं निस्ता कापूस हाय." मी म्हटले, त्यासाठीच. तो मग माझ्याशी बोलला नाही. कापूस पाहायला पुण्याहून येणाऱ्या माणसाशी काय बोलावे, हे त्यालाही सुचले नसावे.

सिंदी

सिंदीच्या स्टेशनाबाहेर कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागली होती. पौषातली सकाळ, उन्हाला धार नव्हती, आणि हवेत कापसाची बारीक कुसे तरंगत होती. मास्तर शाळेत असणार म्हणून मी आधी काम उरकायचे ठरवले. एका टांग्यात बसलो आणि म्हटले, "इथले चांगले जिने कुठे आहेत? मला जिने पाहायचे आहेत."

"जिनं? चाला जी."

त्याने मला थेट जीनच्या फाटकात नेऊन सोडले. आत रेच्यांचा, म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांचा, असा आवाज चालला होता की माझी चूक माझ्या लक्षात येऊनही ती कोणाला सांगता येईना. एक दिवाणजी बाहेर आले. मी ओरडून म्हटले, "जिना! जिना!" ते ओरडून म्हणाले, "होय, हेच!" शेवटी मी दोन बोटे चालवून जिना चढून दाखवला. दिवाणजींनी मला पाणी दिले आणि मालकांकडे नेले.

मालकांना गावात सगळे शेठजीच म्हणत. पासष्टीचे, गोरे, गुडघ्यांना पंचा बांधलेले गृहस्थ. मी का आलो ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"सिनेमात आमचं घर?"

"तसेच हुबेहूब बांधायचे आहे. स्टुडिओत."

"आन् त्या घरात कोन राहनार?"

"जीनचे मालक."

"आदमी कैसा हाय? चांगला का वाईट?"

मी म्हटले, "स्वभाव अजून लिहिलेला नाही." हे खोटे होते. स्वभाव सर्वांत आधी लिहिला होता.

शेठजी खूश झाले. त्यांनी दिवाणजींना माझ्याबरोबर टेप धरायला दिले आणि जेवायला थांबवून घेतले.

दोन दिवस मी ते घर मोजले. दिग्दर्शकांना कळवण्यासारखी बातमी पहिल्या तासातच मिळाली: जिना नव्हता. माडी होती, पण तिच्यावर जायला भिंतीच्या पोटातून एक काळोखी शिडी होती, आडवे गेल्याशिवाय खांदे मावत नसत, आणि वर झडप. माडीवर सरकीचे नमुने आणि जुने तराजू होते. शेठजी सात-आठ वर्षांत वर गेले नव्हते. "माझे गुडघे," ते म्हणाले, "मला उतरायलाच कोन सांगनार?"

तेव्हा माझ्या ध्यानात आले, की हा माणूस कधी उतरतच नाही. तो ओट्यावर गादी टाकून बसतो आणि सारे जग त्याच्यापर्यंत चढून येते. मात्र सगळे जग सारखे चढत नाही. ओट्याला सहा पायऱ्या होत्या. दलाल सगळ्या चढून गादीच्या कडेला बसत. बंडीवाले कास्तकार तिसऱ्या पायरीवर बसत आणि मान वर करून भाव विचारत. जीनमधले मजूर अंगणात उभे राहत. कोणी कोणाला थांबवत नव्हते. कुठे पाटी नव्हती. तरी दोन दिवसांत एकही मजूर पहिल्या पायरीला लागलेला मी पाहिला नाही. अंगणात उभ्या माणसाचे डोळे आणि गादीवर बसलेल्या शेठजींची पावले एका पातळीत येतात. हे मी टेपने मोजले. अर्ध्या इंचाचा फरक निघाला, तो मी सोडून दिला.

मला जेवायला ओसरीत, दाराच्या किंचित आत पाट मांडला गेला. म्हणजे दलालांच्या वर आणि घरच्यांच्या खाली. गोळ्यांची कढी होती, तिखट होती, आणि शेठजी पुनःपुन्हा वाढायला लावत होते. डोळ्यांतून पाणी येत असताना मी ती जागाही नकाशात नोंदवली.

जीनमागची ओळ

मास्तरांचे नाव खुशालराव. बारीक अंगाचे, बोलण्यात फार सावध गृहस्थ. त्यांची शाळा शेठजींच्या वडिलांनी दिलेल्या जागेत भरत असे, आणि सावधपणाचे ते एक कारण होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला मजुरांच्या खोल्या दाखवायला नेले.

जीनच्या मागे सरकीचे गोदाम आहे. गोदामाच्या मागच्या भिंतीला टेकून अकरा खोल्यांची एक ओळ उभी होती. पुढे मातीच्या भिंती, वर पत्रा, मागची भिंत गोदामाचीच. मी पहिल्या दारापाशी टेप सोडला आणि आकडा लिहून घेतला. दुसऱ्या दारापाशी गेलो तेव्हा पहिल्या खोलीतली बाई एक हंडा बाहेर आणून ठेवत होती. तिसऱ्या दारापाशी पोचेपर्यंत अंगणात तीन हंडे, एक वळकटी आणि एक बाज आली होती.

चौथ्या दारात चाळिशीची एक बाई उभी होती. रेच्यावरून आली असावी. केसांत, भुवयांत, पापण्यांवर कापूस होता. तिचे नाव सोमाबाई, हे मला मागून कळले.

"काऊन मोजून राह्यले?" तिने विचारले.

मी म्हटले, "सिनेमासाठी."

"खरं सांगजो."

"खरंच. सिनेमात अशी खोली बांधायची आहे."

ती मागे वळून दोन वाक्ये बोलली, ती मला कळली नाहीत. आतून एका म्हातारीचा आवाज आला. मास्तर माझ्या कानात म्हणाले, "गोंडी बोलतात घरात. सासू आहे तिची." मग सोमाबाई पुन्हा माझ्याकडे वळली.

"माही सासू म्हनते, मोजनारा खोटं बोलते. पयले टेप येते, मंग कुदळ येते. तिच्या बापाच्या गावी असंच झालतं."

मास्तरांनी मला बाजूला घेऊन सांगितले. गोदाम वाढवायचे आहे असे वर्षभर गावात बोलले जात होते. ओळ जाणार की राहणार, हे कोणी विचारले नव्हते आणि कोणी सांगितलेही नव्हते.

मी टेप गुंडाळला. आपण सरळ माणूस आहोत हे अनोळखी लोकांना कसे पटवायचे, याचा मला सराव नव्हता; पुण्यात तशी गरज पडली नव्हती. सोमाबाई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "शिनेमावाले हाय म्हन्ता ना? परवा जीन बंद हाय. आमी साऱ्या सेलूच्या बजाराले जाऊन राह्यलो. तथी तंबू लागला हाय. चाला आमच्यासंगं. दाखवा तुमचं काम."

बाहेर काढलेल्या वस्तू त्या दिवशी कोणी आत नेल्या नाहीत.

सेलूचा तंबू

सेलूच्या बाजारात मी वांगी, गूळ, कांबळी आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगा पाहिल्या, शेंगा खाल्ल्याही. दिवेलागणीला सिनेमाच्या तंबूत गेलो. पुण्यात चित्रगृहात माणसांची प्रतवारी जिन्याने होते, बाल्कनीवाले वर आणि बाकीचे खाली. तंबूला मजले नसतात, तरी काम अडत नाही. मागे खुर्च्या, त्यांच्या पुढे बाके, त्यांच्या पुढे माती. आणि या सर्वांहून हलकी जागा पडद्याच्या पलीकडे. तिथून चित्र उलटे दिसते. डावखुरे नायक आणि उलटी अक्षरे. ज्यांना अक्षरे वाचायची नसतात त्यांचे काही बिघडत नाही, असे तंबूवाल्याने मला समजावले. सोमाबाई आणि तिच्या सोबतिणी पडद्याच्या पलीकडे बसल्या. मास्तर आणि मी खुर्च्यांवर.

नावे सुरू झाली तेव्हा मी ओळखले. आमचाच बोलपट होता, दुसरा, बॅरिस्टरांचा. शेवटून तिसऱ्या ओळीत माझे नाव आले आणि मास्तर खुर्चीवरून उठले. "परचुरे! तुमचं नाव!" ते सावधपणा विसरून ओरडले आणि पडद्याच्या पलीकडे सांगायला धावले. आता माझ्यावर विश्वास बसणार, असे मला वाटले.

मध्यंतराआधी नायकाची आई झोपडीत मरते. प्रसंग चांगला वठला होता. पुण्यात या ठिकाणी बायका पदर डोळ्यांना लावत. सेलूला पडद्यामागून हसू आले. आधी एकीचे, मग पाचसहा जणींचे.

मध्यंतरात मी पलीकडे गेलो. सोमाबाई मांडी घालून शेंगा सोलत होती.

"थे झोपडं तुमीच काढलं का जी?"

"हो."

"त्यात तं आमचे तीन घरं बसते." बाकीच्या पुन्हा हसल्या. ती हसली नाही. "थे बाई मरून राह्यली, अन् मानसं तिच्या बाजेच्या चारी बाजूनं फिरून राह्यले. एक पोरगा इकून येते, डाक्तर तिकून येते. माहा नवरा मेला तवा त्याले निजवाले जागा पुरे ना. पाय दाराबाहेर काढले आमी. पाऊस चालू होता. पाय भिजले त्याचे."

त्या झोपडीची रुंदी बावीस फूट होती. आराखड्यावर तो आकडा मी स्वतः लिहिला होता, आणि लिहिताना मला वाटले होते की गरिबी दिसण्याइतकी ती लहान आहे. भिंतीला दोन भेगाही काढल्या होत्या.

काहीतरी बोलायचे म्हणून मी तिला सांगितले, की कॅमेरा मोठा असतो, तो मागे-पुढे सरकवायला जागा लागते. म्हणून आमच्या घरांची एक भिंत काढता येते.

"आमच्याबी घराची काढता येते," सोमाबाई म्हणाली. "शेठजीले इचारा."

परतीच्या बंडीत सगळ्या झोपल्या.

साडेसात बाय आठ

दुसऱ्या दिवशी सोमाबाईने स्वतः टेपचे टोक धरले. "आता मोजा. बराबर मोजा," ती म्हणाली.

खोली साडेसात फूट रुंद, आठ फूट खोल. पुढे सहा फूट उंची, मागे पाच. मी पाच फूट पाच इंच आहे. मागच्या भिंतीपाशी मला वाकूनच लिहावे लागले. गोदामातली सरकी तापत असल्याने ती भिंत हाताला कोमट लागत होती आणि तेलकट वास येत होता. "थंडीत बरं हाय," ती म्हणाली. "उन्हाया आला का मंग आमी बाहेर, अन् भिंत अंदर." चूल दाराशी. एक शिंके, एक आरसा, कोपऱ्यात म्हातारीची बाज. म्हातारीने गोंडीत काही विचारले.

"ते काय म्हणतात?"

"म्हनते, माही बाज काढली का त्या कागदात?"

मी बाज काढून दाखवली. तिने कागद डोळ्यांजवळ नेला आणि बोटाने बाजेचे चार पाय मोजले. मग आणखी काही म्हणाली. सोमाबाई म्हणाली, "आता नाव लिवा म्हनते."

आराखड्यात माणसांची नावे लिहायची पद्धत नाही. मी खोलीच्या चौकोनात दोघींची नावे लिहिली. ही बातमी ओळीत पसरायला वेळ लागला नाही. संध्याकाळपर्यंत अकरा चौकोन भरले. एका म्हाताऱ्याने मेलेल्या भावाचेही नाव लिहायचा आग्रह धरला. अथीच राहत होता म्हणाला. मी ते कंसात लिहिले. हंडे आणि वळकट्या आत गेल्या. एका घरून मला भाकर आणि तुरीच्या सोल्यांची भाजी आली. उत्तम होती. तिच्यामुळे जीभ दोन दिवस जागी राहिली.

पुढल्या सकाळी दिवाणजी आले. शेठजींना ओळीचा नकाशा बघायचा होता. माझे काम बघायची इच्छा सहसा कोणाला होत नाही, म्हणून मी आनंदाने गेलो. शेठजींनी कागद गादीवर पसरला, चष्मा लावला आणि तोंडभर वाखाणला.

"ही मधली भिंत निकाल दी, तर गोदाम कितनं वाढते?"

मी लगेच सांगितले. "रुंदी आठ फूट, लांबी सुमारे पंच्याऐंशी."

मला विचारले गेले आणि मी उत्तर दिले. आजही मला ते असे आठवते: आकडा बरोबर होता, मी तो झटकन सांगितला, आणि सांगून झाल्यावर मला आपण हुशार असल्याचे वाटले. ते तेवढा वेळ टिकले, जेवढा वेळ शेठजींना दिवाणजींकडे बघायला लागला.

"साफ नक्कल करून द्या," शेठजी म्हणाले. "कचेरीत गोदाम वाढवायचा अर्ज टाकायचा हाय. कागदावर ती जागा रिकामीच हाय, कडब्याचं छप्पर म्हनून. नावं तेवढी काढून टाका. नावानं नकाशा घान दिसते."

मी म्हटले, उद्या देतो.

शाळा सुटल्यावर मी मास्तरांना सगळे सांगितले. ते बराच वेळ फळा पुसत राहिले. फळ्यावर काही नव्हते.

"मी काही बोलू शकत नाही, परचुरे. तुम्ही तर जागा बघितलीच शाळेची."

"तुम्ही बोला असे मी म्हणत नाही. काय करू ते सांगा."

"अर्ज पडला की नायब तहसीलदार पाहणीला येतात," मास्तर म्हणाले. "त्यांच्या हातात जो कागद असतो तो ते बघतात. ओळीतल्या लोकांजवळ कागद नाही. पावती नाही, करार नाही, काहीच नाही." मग त्यांनी फडके खाली ठेवले. "आज दिवस मावळायच्या आत दोन नकला होतात का?"

झाल्या. शाळेच्या बाकावर बसून मी त्या काढल्या आणि मास्तरांनी आपल्या वळणदार अक्षरात दोन्हींवर नावे लिहिली. त्यांचे अक्षर गावात सगळे ओळखत. हे मी त्यांना म्हटले. ते म्हणाले, "माझ्याही लक्षात आहे ते."

एक नक्कल सोमाबाईला दिली. तिने आपली खोली कोणती ते विचारले, त्यावर बोट ठेवले, आणि कागद गोल करून शिंक्यात, भाकरीच्या वर ठेवला.

दुसरी मी शेठजींना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावला. नावे एकेक करून वाचली. वाचताना ओठ हलत होते. मला वाटते, त्यातली बरीच नावे त्यांना पहिल्यांदाच कळत होती.

"मी म्हनलं होतं, नावं नको."

"आमच्यात अर्धा नकाशा देत नाहीत," मी म्हटले. माझा आवाज मला हवा होता तितका बेतशीर निघाला नाही.

"तुम्ही सिनेमावाले, का लाल बावटेवाले?"

"मी आराखडे काढतो."

शेठजींनी कागदाची चौपदरी घडी केली. त्या दिवशी स्टेशनावर जायला टांगा आला नाही. मी नळी खांद्यावर टाकून चालत गेलो. गाडी यायच्या सुमारास दिवाणजी धापा टाकत आले. मला वाटले, नळी मागायला आले असतील. त्यांनी फडक्यात बांधलेल्या पोळ्या आणि चार संत्री माझ्या हातात दिली. "शेठजी म्हणाले, पाव्हना उपाशी नाई गेला पायजे." एवढे सांगून ते गाडी सुटेपर्यंत माझ्याशेजारी उभे राहिले.

पुणे

दिग्दर्शकांना ओट्याच्या पायऱ्या आवडल्या. "पण हे प्रेक्षकाला कळायला वेळ लागेल," ते म्हणाले, "जिना लगेच कळतो." जुन्या जिन्याच्या तीन पायऱ्या दुरुस्त झाल्या. साडेसात फुटांच्या खोलीवरून मात्र मी नोकरीत पहिल्यांदाच वाद घातला. कॅमेराच आत मावणार नाही, असे सगळ्यांनी सांगितले. मी म्हटले, मग कॅमेरा बाहेर ठेवा. दोन दिवस वाद चालला. शेवटी खोली मापात बांधली, छपरासकट. कॅमेरा अंगणात राहिला. मजूर मरतो त्या प्रसंगात उंबऱ्याबाहेर आलेली दोन पावले आणि पाऊस, एवढेच दिसते. मरणारा नट नाराज झाला, कारण त्याचा चेहरा आला नाही. एका वर्तमानपत्राने जिन्याची वाखाणणी केली.

मास्तरांचे पत्र चैत्रात आले. पाहणी झाली होती. मास्तर तिथे हजर होते, म्हणून त्यांना सगळे डोळ्यांनी पाहता आले. आणि हजर होते, म्हणून त्यांची बदली अल्लीपूरला झाली. तिथल्या शाळेला भिंती तीनच आहेत, हवा चांगली येते, असे त्यांनी लिहिले होते. सोमाबाईचे रेच्यावरचे काम गेले. ती आता सेलूकडे संत्र्यांच्या बागेत जाते, पायी.

पाहणीचे असे झाले. नायब तहसीलदारांसमोर दोन्ही बाजूंचे कागद होते. शेठजींच्या बाजूने कोणा दुसऱ्याकडून काढून घेतलेला नकाशा आला होता; त्यात ओळीच्या जागी 'छप्पर, रिकामे' असे लिहिले होते. सोमाबाईने आमचा पुढे केला. अधिकारी तरुण होते, कागदांना कंटाळलेले होते. ते म्हणाले, नकाशे काय, कोणीही काढतो. नावे कोणीही लिहितो. ही खोली तुझी राहती आहे कशावरून?

सोमाबाई म्हणाली, "या साहेब, अंदर या."

ते वाकून आत गेले. दोघे उभे राहिल्यावर आत तिसऱ्याला जागा नव्हती. मास्तर दारातून बघत होते. सोमाबाईने डोळे मिटले आणि पदर आपल्या डोळ्यांवर ओढून घेतला.

"मांगा काय पायजे थे," ती म्हणाली.

अधिकाऱ्यांनी गोंधळून आजूबाजूला पाहिले. "काडेपेटी," ते म्हणाले.

तिने हात उजवीकडे, खांद्याच्या उंचीला नेला आणि काडेपेटी त्यांच्या हातात दिली. मग त्यांनी मीठ मागितले. मग सुई. सुई दाराच्या चौकटीतल्या फटीत होती. मग ते म्हणाले, पाणी. आणि ती तशीच, मिटल्या डोळ्यांनी, चूल आणि म्हातारीची बाज यांच्यामधून कशालाही पाय न लावता फिरली आणि गडवा भरून त्यांच्यापुढे धरला. एक थेंब सांडला नाही. म्हातारी बाजेवरून बघत होती. अधिकाऱ्यांनी पाणी पिऊन गडवा परत दिला आणि मागे सरताना त्यांचे डोके पत्र्याला लागले.

बाहेर येऊन त्यांनी बाकीच्या दहा खोल्यांतली नावे आमच्या नकाशावरून हाका मारून तपासली. सगळे आपापल्या दारातून 'हाव जी' म्हणाले. मग त्यांनी फॉर्मच्या रकान्यात अकरा वेळा 'राहते घर' असे लिहिले. सोमाबाईच्या रकान्यात दोनदा लिहिले, असे मास्तर कळवतात. पहिल्यांदा टाक कोरडा होता.